फोर्टी-फाइव्ह-सेव्हंटी आणि ताईचा फॉरवर्ड

ताईने परवा पुन्हा तोच मेसेज पाठवला. 'हरणाच्या शिकारीला जाडच गोळी का?' असं शीर्षक, खाली पाच मुद्दे आणि शेवटी 'ओहायो-मिशिगनमधल्या आपल्या मराठी मित्रांना नक्की पाठवा'. २०२२ मध्ये हाच मेसेज वाचून तिच्या थोरल्या मुलाने .४५-७० (फोर्टी-फाइव्ह-सेव्हंटी) या जाड काडतुसाची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल (खालचा खटका ओढून पुढचं काडतूस चढवायची) घेतली होती. आता धाकटाही जायचं म्हणतोय. ताई विचारते, "हे खरं आहे का रे?"

नाही गं ताई. तेव्हाही नव्हतं.

मुद्दा पहिला: 'कॅलिबर .३५ च्या वर असलं की काडतूस सगळीकडे कायदेशीर.' कॅलिबर म्हणजे गोळीचा व्यास, इंचांत.

ओहायोच्या आसपासच्या सपाट, शेतीच्या राज्यांत हरणासाठी बंदूक म्हणजे वर्षानुवर्षं स्लग (छर्‍यांऐवजी एकच जाड गोळी) टाकलेली शॉटगनच. मग स्ट्रेट-वॉल काडतुसांच्या रायफलींना हळूहळू परवानगी मिळाली, ओहायोत २०१४ च्या मोसमापासून. स्ट्रेट-वॉल म्हणजे काडतुसाचं पितळी कवच बुडापासून तोंडापर्यंत पेल्यासारखं सरळ; .३०-३० सारखी बाटलीची मान चालत नाही. ओहायोने .३५७ ते .५० ही मर्यादा घातली. कवच किती लांब, याची त्यांना फिकीर नाही.

मिशिगनच्या दक्षिण पट्ट्याला ती होती. २०२२ मध्ये तिथला नियम असा: व्यास .३५ किंवा जास्त, कवच सरळ, आणि त्याची लांबी १.१६ ते १.८० इंचांच्या मधे. थोरला निघाला होता नेमका सीमेपलीकडे, मित्राच्या शेतावर. निघायच्या आदल्या रविवारी तो माझ्याकडे जेवायला आला आणि कौतुकाने खोका उघडून दाखवू लागला. मी गॅरेजमधून व्हर्नियर आणला. वरण-भाताच्या ताटाशेजारी दोन कवचं उभी केली. माझं .४५० बुशमास्टर: १.७० इंच. त्याचं .४५-७०: २.१० च्या किंचित वर. शेजारी ठेवल्यावर फरक जेमतेम पेराएवढा. पण तेवढ्या फरकाने तो तिथे गुन्हेगार ठरला असता. खोक्यावर '.४५' लिहिलंय, मेसेजमध्ये '.३५ च्या वर' लिहिलंय, झालं, एवढाच त्याचा अभ्यास.

इलिनॉयने २०२३ पासून रायफलला परवानगी दिली ती फक्त एकबारीला, दर बाराला हाताने एकच काडतूस भरायच्या रायफलीला. म्हणजे काडतूस बरोबर असूनही लिव्हर-अ‍ॅक्शन चुकीची. हे नियम बदलत राहतात. ज्या राज्यात जाणार त्या राज्याची, त्या वर्षीची पुस्तिका वाचायची. माझंसुद्धा ऐकू नका.

दुसरा मुद्दा 'सगळी .४५ एकच' हा आहे. त्यावर वेळ घालवत नाही. .४५ कोल्ट, .४५-७०, .४५० बुशमास्टर, .४५० मार्लिन ही चार वेगळी काडतुसं आहेत. नळीवर कोरलेलं नाव आणि खोक्यावरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे.

आता तिसरा. याच्यासाठीच मी हे लिहायला बसलो: 'जाड गोळी दोनशे यार्डांत जमिनीवर पडते, त्यामुळे मागे काय आहे बघायची गरज नाही.'

हे ज्याने लिहिलं त्याला एकदा डिसेंबरमध्ये ओहायोतल्या डेटनच्या उत्तरेला नेऊन उभं केलं पाहिजे. मका कापून झालेला, जमीन थंडीने दगड झालेली, आणि नजर जाईल तिथवर सपाट. खुंटांपलीकडे झाडांची एक ओळ, ओळीपलीकडे कोणाचं तरी घर. झाडं विरळ म्हणून घर दिसतं. दाट असती तर दिसलंही नसतं.

यातलं अर्धसत्य आधी मान्य करून टाकतो. जाड, बोथट गोळीचा वेग लवकर ओसरतो. .४५० बुशमास्टरची गोळी नेमक्या नेमावर लागेल अशी दुर्बीण शंभर यार्डांवर जुळवली असेल तर दोनशेवर साधारण वीतभर खाली लागते. नळी वर करून झाडली तर .३०-०६ या बारीक, वेगवान रायफल-काडतुसाची गोळी हिच्यापेक्षा बरीच लांब जाते. पण 'खाली लागते' म्हणजे 'थांबते' नव्हे!

पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाच्या एका समितीने नेमका हाच प्रश्न अभ्यासायला दिला होता, अहवाल २००७ मध्ये आला: शॉटगन खरंच रायफलपेक्षा सुरक्षित आहे का? नळी चांगली वर उचललेली असेल तर होय, शॉटगनचा पल्ला कमी. तरी तो दोन मैलांच्या आसपास भरला. पण नळी आडवी धरून झाडलेली गोळी जमिनीवर आपटून उसळते, आणि ते उसळलेलं अंतर धरलं तर शॉटगनची गोळी .३०-०६ पेक्षाही पुढे गेली. त्या अभ्यासात .४५० नव्हतं, हे खरं. पण जाड, जड, बोथट शिसं हे वर्णन दोघांनाही लागू पडतं, आणि गोठलेल्या शेतावर उसळायला तेवढं पुरतं. शिकारी आडवीच झाडतो, आकाशात नाही. म्हणून मचाणावर बसायचं, नळीचा रोख खाली ठेवायचा आणि हरणामागे माती दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. माती दिसत नसेल तर हरीण जाऊ द्यायचं.

चौथा: 'कुठेही लागो, हरीण जागच्या जागी बसतं.' माझं पहिलं हरीण .४५० नेच मारलेलं. अडीचशे ग्रेन, म्हणजे सोळा ग्रॅमची गोळी. ती लागली मागे, पोटात. संध्याकाळी थोडंसं रक्त सापडलं, मग तेही नाही. हरीण सापडलं दुसऱ्या सकाळी, ओढ्याकाठी, कोयोटींनी खाल्लेलं. गोळी फुप्फुसांतून गेली तरी पन्नास-शंभर यार्ड पळणारं हरीण मी पाहिलंय. उलट जाड काडतुसाचा धक्का नवख्याला बिघडवतो. थोरल्याच्या नकळत मी रेंजवर त्याच्या रायफलीत एक डमी काडतूस भरलं. त्याने चाप ओढला, बार झालाच नाही, तरी नळी चार बोटं खाली गेली आणि डोळे मिटलेले. तोच पोरगा माझ्या शेजाऱ्याच्या .३५० लेजंडने (कमी धक्क्याचं स्ट्रेट-वॉल काडतूस) शंभर यार्डांवर बशीएवढ्या वर्तुळात पाचही गोळ्या ठेवत होता. दीडशे यार्डांपर्यंत व्हाइटटेलला, म्हणजे इथल्या हरणाला, ती भरपूर झाली.

पाचवा, 'एच-वनवाल्यांनाही चालतं, कोणी विचारत नाही.' पहिला अर्धा भाग नाइलाजाने मान्य. तात्पुरत्या व्हिसावर बंदूक आणि काडतुसं, दोन्ही बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची बंदी आहे, पण शिकारीचा वैध परवाना हा त्याला अपवाद आहे. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. आणि विचारत नाही कसं? दुकानात जो फॉर्म ४४७३ भरावा लागतो त्यात व्हिसाचा प्रश्न स्पष्ट छापलेला आहे.

थोरला त्या वर्षी मिशिगनला शेजाऱ्याची रायफल घेऊन तर जाऊ शकत नव्हता, परवान्यापासून सगळी जुळवाजुळव करायला उशीर झाला होता. तो ओहायोतच थांबला आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या गन-वीकमध्ये, म्हणजे बंदुकीने हरीण मारायच्या आठवड्यात, माझ्यासोबत मचाणावर बसला, खांद्यावर जांभळा वळ घेऊन. .४५-७० चे वीस-वीसचे तीन खोके घेतले होते त्याने. त्यातले दोन अजून फोडलेले नाहीत. दुकानदार काडतुसं परत घेत नाही, हे मेसेजमध्ये कुठे लिहिलं नव्हतं.