पाटे वाढवले म्हणून पिकअपची लोड क्षमता वाढत नाही

सध्या एक मेसेज फिरतोय, जुन्या पिकअपला मोठं डिझेल इंजिन बसवा, मागे दोन पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) जास्त टाका, की गाडी दीडपट माल उचलते. हे चुकीचं आहे आणि धोक्याचं पण. पाटे वाढवले की गाडी मागून बसत नाही एवढंच, बाकी एक्सल, बेअरिंग, टायर, चेसिस आणि मेन म्हणजे ब्रेक जुनेच राहतात, मग भरल्या गाडीला उतारावर थांबवणार कोण?

दुसरं, डिझेल इंजिन साधारण पेट्रोलपेक्षा जड असतं आणि ते वजन येतं पुढच्या एक्सलवर, त्यामुळे आधी पुढच्या स्प्रिंगा आणि शॉकअपचं बघायला लागतं, मागचं नंतर. म्हणून इंजिन गिअरबॉक्स बसल्यावर पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा वजनकाट्यावर घ्या आणि मगच स्प्रिंगा ऑर्डर करा, आधी घेतल्या तर बहुतेक वेळा परत बदलाव्या लागतात. स्प्रिंगांमुळे गाडीची उंची वाढली की प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचा) अँगल पण बदलतो, दोन्ही टोकांच्या क्रॉसचा (शाफ्टच्या सांध्यांचा) अँगल जुळला नाही तर स्पीडला गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. डिफरन्शियलचा (मागच्या एक्सलमधल्या गिअरचा) रेशो पण बघा, डिझेल कमी आरपीएमवर चालतं, त्यामुळे जुना रेशो त्याला जुळेलच असं नाही. कंपनीने दिलेली लोड क्षमता तीच धरून चाला.