आठ पैशांचा हिशेब

अर्थसंकल्प जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक तक्ता फिरायला लागतो. महाराष्ट्र केंद्राला १ रुपया देतो आणि त्याला परत मिळतात ८ पैसे. कर्नाटकाला १५ पैसे, तमिळनाडूला २९. उत्तर प्रदेशाला मात्र २ रुपये ७३ पैसे आणि बिहारला ७ रुपये ६ पैसे. खाली ठरलेली वाक्यं असतात: वाटा दिल्लीतलं सरकार मर्जीने ठरवतं, आपल्या जिवावर यूपी-बिहार पोसले जातात, जीएसटीने राज्याची तिजोरीच उचलून नेली, तेव्हा ज्याचा कर त्याच्याकडेच राहू द्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने जंतरमंतरवर आंदोलन केल्यापासून 'आमचा कर, आमचा हक्क' ही घोषणा मराठीतही रुळली आहे.

महाराष्ट्राची तक्रार खोटी नाही. पण ती ज्या आकड्यावर उभी केली आहे, तो आकडा पहिल्याच उलटतपासणीत कोसळतो आणि जाताना खऱ्या तक्रारीलाही घेऊन जातो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ. आकडे जुलै २०२४ मध्ये मांडलेल्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पी अंदाजातले आहेत आणि वाटपाची टक्केवारी १५व्या वित्त आयोगाची (केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा हा आयोग ठरवतो), म्हणजे २०२१ ते २०२६ या काळाची.

"महाराष्ट्र एक रुपया देतो"

हिशेब उलटा करून पाहू. त्या वर्षी केंद्रीय करांतून महाराष्ट्राचा वाटा होता ७८,७८६ कोटी. हे जर ८ पैसे असतील, तर पूर्ण रुपया होतो सुमारे ९ लाख ८५ हजार कोटींचा. केंद्राचा एकूण करमहसूल होता ३८ लाख ४० हजार १७० कोटी. म्हणजे देशाच्या करातला चौथा हिस्सा एकटा महाराष्ट्र भरतो, असं हा तक्ता मानतो. देशाच्या उत्पन्नात आपला वाटा १३ टक्क्यांच्या आसपास आहे. मग २५ टक्के आले कुठून?

ते आले कंपन्यांच्या पत्त्यावरून. तक्त्यात राज्यनिहाय मोजला जातो तो कर जमा झाल्याचा आकडा, आणि कंपनीचा प्राप्तिकर साधारणपणे तिचं मुख्यालय जिथे आहे त्या राज्याच्या नावावर दिसतो. टाटा स्टीलच्या भट्ट्या जमशेदपूर आणि कलिंगनगरला. नोंदणीकृत कार्यालय फोर्टमधल्या बॉम्बे हाऊसमध्ये. हिंदाल्कोचं ॲल्युमिनियम रेणुकूट आणि हिराकूडला तयार होतं, कर दिसतो मुंबईत. रिलायन्सची रिफायनरी जामनगरला, कार्यालय नरिमन पॉइंटला. स्टेट बँकेने पूर्णियातल्या दुकानदाराकडून घेतलेल्या व्याजातून जो नफा होतो, त्यावरचा करही महाराष्ट्राच्याच रकान्यात. उलट उदाहरणही आहे: मुंबई हायचं तेल काढणाऱ्या ओएनजीसीचं नोंदणीकृत कार्यालय दिल्लीत आहे. तिथे मार आपल्याला बसतो, पण एकंदरीत पत्त्याचा हा फायदा महाराष्ट्राकडेच झुकतो. प्रत्यक्ष करांच्या वसुलीत एक तृतीयांशाहून जास्त रक्कम महाराष्ट्राच्या नावावर दिसते, त्याचं मोठं कारण हे.

अप्रत्यक्ष करांचीही तीच गत. न्हावा शेवाला उतरलेल्या मालाचं सीमाशुल्क तिथे भरलं गेलं, तरी ते शेवटी माल विकत घेणाऱ्याच्या खिशातून जातं, मग तो लुधियानाचा असो की लातूरचा. माहुलच्या रिफायनऱ्यांतून निघणाऱ्या पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क रिफायनरीच्या दारातच वसूल होतं. त्यातलं बरंच इंधन मुंबई-मनमाड-बिजवासन वाहिनीतून थेट मध्य प्रदेश, राजस्थान, दिल्लीपर्यंत जातं. शुल्क मुंबईत, गाडी राजस्थानातल्या कोटा शहरात.

यावर विश्वास बसत नसेल तर बिहारचा आकडा तपासा. बिहारला त्या वर्षी १,२५,४४४ कोटी मिळायचे होते. एका रुपयाला ७ रुपये ६ पैसे मिळत असतील, तर बिहारने दिले जेमतेम १७,८०० कोटी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तिथे १०.४१ कोटी लोक. म्हणजे माणशी वर्षाला साधारण १,७०० रुपये. साबण, मोबाइल, सिमेंट, मोटरसायकल, डिझेल, विमा, रिचार्ज, सगळ्यावरचा केंद्राचा कर मिळून महिन्याला १४२ रुपये! हा बिहारचा कर नव्हे. हा बिहारमध्ये नोंदला गेलेला कर आहे.

पत्त्याऐवजी राज्याच्या उत्पन्नातला वाटा धरून ढोबळ मोजलं, तर महाराष्ट्राचं देणं ५ लाख कोटींच्या आसपास येतं आणि ८ चे १६ पैसे होतात. तरीही आपण देणारं राज्यच ठरतो. तेवढं म्हणायला पत्त्याच्या करामतीची गरज नव्हती.

"परत मिळतात आठ पैसे"

इथे दोन घोळ आहेत. पहिला असा की पूर्ण रुपया कोणालाच परत मिळत नाही, मिळूही शकत नाही. सगळ्या राज्यांचा मिळून वाटा होता १२,४७,२११ कोटी, म्हणजे केंद्राने गोळा केलेल्या रुपयातले ३२ पैसे. यूपी-बिहारसकट देशाची सरासरीच ३२ पैसे आहे. उरलेल्या पैशांतून सैन्य, केंद्राच्या योजना आणि कर्जावरचं व्याज भागतं. व्याजच ११ लाख ६३ हजार कोटींचं होतं. तेव्हा तुलना करायचीच तर १६ पैशांची ३२ शी करा, ८ ची १०० शी नको.

दुसरा घोळ: ८ पैशांत फक्त करवाटप धरलेलं आहे. अनुदानं, केंद्रपुरस्कृत योजना, राज्यातल्या सुमारे ७ कोटी लोकांचं रेशन, रेल्वेची त्या वर्षीची राज्यासाठीची १५,९४० कोटींची तरतूद, यातलं काहीच नाही. मात्र पलीकडच्या बाजूची चलाखीही ओळखून ठेवा. केंद्राने महाराष्ट्राला काय काय 'दिलं' याच्या याद्यांत वाढवणचं ७६ हजार कोटींचं बंदर असतं. ते केंद्राच्या जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण (जेएनपीए) आणि महाराष्ट्र सागरी मंडळाच्या ७४:२६ भागीदारीतल्या कंपनीचं आहे. प्रकल्पाचा खर्च म्हणजे राज्याला मिळालेला निधी नव्हे. बुलेट ट्रेनही त्याच यादीत असते, आणि तिच्या भांडवलात राज्याने ५,००० कोटी घालायचे आहेत. केंद्र राज्यांना देतं ते पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज हेही शेवटी कर्जच.

"दिल्लीतलं सरकार मर्जीने वाटा ठरवतं"

नाही. घटनेच्या कलम २८० खाली दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमला जातो आणि वाटप कलम २७० प्रमाणे होतं. आयोग केंद्र नेमतं, त्याची कार्यकक्षाही केंद्रच ठरवतं, हा आक्षेप रास्त आहे. पण सूत्र छापील असतं. १५व्या आयोगाचं असं: उत्पन्नातली तफावत (राज्य जितकं गरीब तितका वाटा जास्त) ४५ टक्के, २०११ ची लोकसंख्या १५, क्षेत्रफळ १५, लोकसंख्या नियंत्रणातली कामगिरी १२.५, वने व पर्यावरण १०, कर वसुलीची मेहनत २.५.

आता तक्त्याच्या सुराशी न जुळणारी गोष्ट. १४व्या आयोगात महाराष्ट्राचा हिस्सा ५.५२१ टक्के होता. १५व्यात तो ६.३१७ झाला. उत्तर प्रदेशाचा १७.९५९ वरून १७.९३९ वर आला. कर्नाटकाचा खरोखर घसरला, ४.७१३ वरून ३.६४७. बंगळुरूची ओरड उचलून मुंबईत जशीच्या तशी चिकटवली की असं हसं होतं.

"यूपीला आपल्या तिप्पट"

रक्कम जवळजवळ तिप्पट आहेच: २,२३,७३७ कोटी. पण माणसंही १९.९८ कोटी आहेत आणि आपण ११.२४ कोटी. माणशी काढलं तर उत्तर प्रदेश सुमारे ११,२००, बिहार १२,०५०, महाराष्ट्र ७,०००. तफावत आहे, तिप्पट नाही. गंमत पुढे आहे. गोव्याला त्या वर्षी माणशी जवळजवळ ३३,००० रुपये होते, म्हणजे गरीब बिहारच्या पावणेतीन पट, आणि गोवा दरडोई उत्पन्नात देशात सर्वांत वरच्या राज्यांपैकी एक! कारण १५व्या आयोगाच्या क्षेत्रफळाच्या निकषात किमान २ टक्के धरण्याची तरतूद होती आणि देशाच्या ०.११ टक्के भूमीच्या गोव्याला ती लागू पडली. अरुणाचलला तर माणशी दीड लाखाच्या वर. गोव्याला आपण पोसतो असा मेसेज कधी फिरत नाही, हे ज्याचं त्याने समजून घ्यावं.

"जीएसटीने तिजोरी उचलून नेली"

अर्धवट खरं. दर महिन्याला जीएसटीचा आकडा येतो, महाराष्ट्र पहिला असतो आणि लगेच 'एवढे केंद्राला दिले' अशी पोस्ट पडते. एप्रिल २०२४ मध्ये हा आकडा ३७,६७१ कोटी होता. पण त्यात राज्याचा स्वतःचा एसजीएसटी आहे, तो राज्याचाच राहतो. आंतरराज्य विक्रीवरचा आयजीएसटीही आहे, आणि त्यातला राज्याचा भाग माल जिथे खपला त्या राज्याला जातो. त्याच पत्रकात खाली दुसरा तक्ता असतो: आयजीएसटीच्या समायोजनाआधीचा आणि नंतरचा एसजीएसटी. राज्याच्या हाती काय आलं ते तिथे दिसतं. तो कोणी पुढे पाठवत नाही.

खरं नुकसान वेगळं आहे. पूर्वी चाकणची गाडी पाटण्याला विकली गेली तर २ टक्के केंद्रीय विक्रीकर महाराष्ट्राला राहायचा. आता गाडीवरचा राज्याचा कर सगळा बिहारला. सगळ्याच राज्यांसाठी १४ टक्के वाढीची हमी देणारी भरपाई होती, ती ३० जून २०२२ ला संपली. त्याहून मोठं म्हणजे दर ठरवायचा अधिकार गेला. जीएसटी परिषदेत मतांचं वजन केंद्राचं एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश. निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे सगळी राज्यं एकवटली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही. शिवाय महाराष्ट्राचं मत आणि सिक्कीमचं मत एकाच वजनाचं. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं खरं, पण वेगळा दर लावून दाखवायला कोणतंही राज्य धजावलेलं नाही. राज्याच्या हाती उरलं ते दारू, पेट्रोल-डिझेल, मुद्रांक शुल्क, वाहन कर आणि वीज शुल्क.

"ज्याचा कर त्याच्याकडे"

हे तत्त्व राज्याच्या सीमेवर थांबवता येत नाही. मुंबईने उद्या तेच म्हटलं तर गडचिरोलीचं, नंदुरबारचं, वाशीमचं काय करायचं? जकात बंद झाल्यापासून मुंबई महापालिका आपल्या भरपाईसाठी मंत्रालयाच्या तोंडाकडे बघते, जसं राज्य दिल्लीच्या.

आता खऱ्या तक्रारीकडे, म्हणजे गळतीकडे. राज्यांचा अधिकृत वाटा ४१ टक्के आणि हाती आले ३२. मधले ९ पैसे कुठे गेले? थोडे वसुलीच्या खर्चात आणि बहुतेक सेस-सरचार्जमध्ये, म्हणजे केंद्र लावतं त्या उपकर-अधिभारांत. कलम २७० आणि २७१ प्रमाणे हे दोन्ही वाटपाच्या बाहेर असतात आणि त्यांना कमाल मर्यादा नाही. प्राप्तिकरावरचा ४ टक्के आरोग्य व शिक्षण सेस पूर्ण केंद्राचा. सेस ज्या कामासाठी घेतला त्याच कामाला लागतो, हे उत्तर ठरलेलं असतं. पण २०१८-१९ मध्ये सेसपोटी जमलेल्या २.७४ लाख कोटींपैकी राखीव निधींकडे वळवले गेले फक्त १.६४ लाख कोटी, असं सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनेच नोंदवलं.

सगळ्यात स्पष्ट दिसतं ते पेट्रोल पंपावर. २२ मे २०२२ पासून जवळजवळ तीन वर्षं लिटरमागे केंद्राचं शुल्क १९ रुपये ९० पैसे होतं. त्यात विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क ११ रुपये, रस्ते व पायाभूत सुविधा सेस ५ रुपये, कृषी पायाभूत सेस अडीच रुपये. राज्यांत वाटलं जाणारं मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. त्याचे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे, तेही सगळ्या राज्यांत मिळून. महाराष्ट्राचे त्यातले साडेतीन पैसे. एप्रिल २०२५ मध्ये शुल्क २ रुपयांनी वाढलं, ते विशेष शुल्कात. वाटपाच्या १ रुपया ४० पैशांत एका पैशाचीही भर पडली नाही.

राज्यही साळसूद नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत पेट्रोलवर टक्केवारीचा व्हॅट घेऊन वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे लावले जातात.

राज्यांचा वाटा ४१ वरून ५० टक्के करा, ही मागणी ऐकायला जोरकस आहे. त्या लिटरवर लावून बघा: ५७ चे ७० पैसे होतात. उरलेल्या साडेअठरा रुपयांना हात लागत नाही. मागायचंच तर सेस-सरचार्ज एकूण करमहसुलाच्या ठरावीक टक्क्यांपुढे गेले की वरचा भाग आपोआप वाटपात यावा, अशी कलम २७० मधली दुरुस्ती मागायला हवी. त्यासाठी लोकसभेतले ४८ खासदार पक्ष बाजूला ठेवून बोलावे लागतील. ८ पैशांचा तक्ता पुढे पाठवायला एक अंगठा पुरतो.