पाणंद, पाटे आणि दोन इंच

आमच्या शेताकडं जाणारी पाणंद गावनकाशावर आहे, त्यामुळं ती रस्ता आहे याबद्दल सरकारदरबारी शंका नाही. शंका येते ती पाणंदीत गाडी घातल्यावर. दिवाळीनंतर कारखान्यांचे हंगाम सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर इथनं ये-जा करतात आणि दोन्ही अंगाला दोन खोल चाकोऱ्या पडतात. मधे जो उंचवटा उरतो, तो माझ्या पिकअपच्या बरोबर पोटाला लागतो. ट्रॅक्टरच्या पोटाखालनं आमचं कुत्रं उभ्यानं जातं. माझ्या गाडीखाली सव्वादोनशे मिलिमीटरच्या आसपास जागा आहे, तीही कागदावर. त्यात उसाचं खोडकं आणि एखादा दगड आडवा आला की खालनं असा खर्रर्र आवाज येतो की आई बसल्या जागी पाय वर उचलते. पाय उचलले की गाडीवरचा भार कमी होतो, अशी तिची श्रद्धा आहे. तिला हसायचा मला अधिकार नाही, कारण त्याच वेळी मी स्टेअरिंग धरून पोट आत घेतलेलं असतं.

गाडी इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस, सेकंडहँड. 2016 साली ही भारतात आली, आंध्रातल्या श्रीसिटीच्या कारखान्यात बनते, आणि लांबीला जवळजवळ 5.3 मीटर आहे. कोल्हापुरात महाद्वार रोडला ही गाडी घेऊन जाणाऱ्या माणसाची देवावर फार श्रद्धा असावी लागते. आबांना ती पहिल्या दिवसापासून पटलेली नाही. "टेम्पो म्हणून महाग आणि कार म्हणून लांब," एवढ्यात त्यांनी विषय मिटवला.

भाच्याला मात्र ती फार आवडते. तो मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे गाडीला हात न लावता गाडीबद्दल बोलण्याच्या ऐन वयात. एकदा पाणंदीतनं येताना आवाज झाला, आईचे पाय वर गेले, आणि तो मागच्या सीटवरनं म्हणाला, "मामा, दोन इंच लिफ्ट मारूया, म्हणजे गाडीच उंच करूया. विषय संपला."

विषय तिथं सुरू झाला.

त्यानं रात्री वहीवर काढून दाखवलं. पुढच्या बाजूला दोन विशबोन, म्हणजे चाकाला धरणारे वरचा-खालचा असे दोन आडवे हात, आणि त्यांच्यात कॉइल स्प्रिंग. स्प्रिंगच्या डोक्यावर एक इंचाची चकती बसवायची, तिला स्पेसर म्हणायचं. स्प्रिंग खालच्या विशबोनच्या साधारण मधोमध टेकलेली असते, त्यामुळं वर एक इंच सारला की चाकापाशी जवळपास दोन इंच मिळतात. एकावर एक फुकट! हे ऐकून मला फारच उत्साह आला. मागच्या बाजूला तर आणखी सोपं: पाटे आहेत, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, त्यात एक पाटा वाढवा, नाहीतर लांब शॅकल (पाट्याचं टोक गाडीला टांगणारी कडी) घाला, नाहीतर पाटे आणि अॅक्सल यांच्यामधे लोखंडी ठोकळा बसवा. लांब शॅकलला मात्र निम्माच हिशेब. शॅकल दोन इंचांनी वाढवली तर गाडी एकच इंच उठते. म्हणजे पुढं जे फुकट मिळालं ते मागं वळतं करून घेतात.

पण जावयाला एकट्याला जेवायला बोलावता येत नाही, तसं गाडीचंही आहे. पुढची बाजू उचलली की चाकाकडं जाणारे शाफ्ट तिरके होतात आणि त्यांच्या सीव्ही जॉइंटचं (वळत्या सांध्याचं) रबरी बूट लवकर फाटतं. मग पुढचं डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा, थोडं खाली उतरवायचं. वरच्या विशबोनचा कोन बिघडतो आणि बॉल जॉइंटला ताण येतो. मग वरचे विशबोन नवे. कॅम्बर-कॅस्टर, म्हणजे चाकाचे कलते कोन, हलतात आणि टायर एका बाजूनं झिजतात. मग अलाइनमेंट. मागं प्रोपेलरचा, म्हणजे मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा, कोन बदलतो, त्याचा क्रॉस (सांधा) आवाज करायला लागतो. मग ठोकळ्याखाली पाचर. ब्रेकचा होज ताणतो. मग लांब होज. शॉकअप अपुरे पडतात. मग लांब शॉकअप. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. मग त्यांचं सेटिंग. भाचा लिहीत गेला आणि पान संपल्यावर त्यानं वही आडवी धरली.

"आणि एवढं करून," मी विचारलं, "पोट वर जाणार ना?"

"पोट जाईल."

त्या "पोट जाईल" मधे जी फट होती तिच्यात मी बोट घातलं. तेव्हा कळलं की मागचा अॅक्सल म्हणजे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सरळ दांडा. त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा. तो चाकांच्या मधे बसलेला, त्यामुळं स्प्रिंग, पाटे, शॅकल, ठोकळा यांपैकी काहीही केलं तरी जमिनीपासनं आहे तिथंच राहणार. गाडी वर, हौदा वर, आम्ही वर, फक्त सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू जागेवर. तिला उचलायला मोठे टायरच लागतात. माझ्या गाडीला 245/70 आर 16 मापाचे आहेत. त्याऐवजी 265/70 घातले तर व्यास साधारण 28 मिलिमीटरनं वाढतो. पण टायर खालच्या बाजूलाही वाढतो आणि वरच्याही, त्यामुळं गोळ्याच्या वाट्याला 14 मिलिमीटर येतात. चौदा! आमच्या पाणंदीतलं शेण त्याहून उंच असतं. शिवाय स्पीडोमीटर 60 दाखवत असताना गाडी 62 नं चाललेली असणार, हा वेगळा बोनस.

बायको भाजी निवडत हे सगळं ऐकत होती. तिनं एकच प्रश्न विचारला. "अहो, आत्ताच आईंना चढवायला खाली पाट ठेवावा लागतो. आणखी दोन इंच म्हणजे काय, स्टूल?" मग यादीत फूटस्टेप आली. फूटस्टेप गाडीच्या अंगाखाली लोंबते, म्हणजे वर घेतलेल्यातलं काही परत खाली. भाच्यानं तेही लिहून घेतलं, जरा हळू.

यादी मेहुण्याला दाखवावी ही बुद्धी मला कुणी दिली, आठवत नाही. मेहुणा वकील आहे. त्याच्याकडं कुठलीही आनंदाची गोष्ट नेली की तो आधी कलम सांगतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: कंपनीनं ठरवून दिलेल्या मूळ रचनेत मालकानं परस्पर बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मधे हेच ठणकावलं. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलामागं" यावर तो थांबला, यादीवरनं बोट फिरवत मोजलं आणि म्हणाला, "अकरा हाय्त. पंचावन्न हजार. विम्याचं अजून मी बोललोच न्हाई."

भाचा म्हणाला, "ऑस्ट्रेलियात लोक सर्रास करतात." हे खरं आहे. या पिकअपना उंच करायचं किट बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या बऱ्याचशा तिकडच्याच. एका ब्रँडचं तर नावच ओल्ड मॅन ईमू. आबा तोवर पेपरात तोंड घालून बसले होते. "म्हातारा ईमू?" ते म्हणाले. "ईमूचा धंदा करून आपल्याकडं किती जण बसले, माहीत हाय न्हवं?" यावर ऑस्ट्रेलियाचा विषय मागं पडला.

तरीही सल्ला म्हणून मी उद्यमनगरातल्या एका पाटेवाल्या मिस्त्रीकडं गाडी नेली. ट्रकचे पाटे खोलून, भट्टीत तापवून, घणानं परत कमान देण्यात या माणसाचं आयुष्य गेलेलं. वही त्यांनी बघितली नाही. चष्मा कपाळावर चढवून ते गाडीच्या मागं उकिडवे बसले आणि विचारलं, "मागं वजन किती असतंय?"

हा प्रश्न मला फार साधा वाटला होता. पण पाट्याचं सगळं गणित यावर उभं असतं. ऑस्ट्रेलियन किटवालेसुद्धा आधी हेच विचारतात की हौद्यात कायमचं वजन किती: काहीच नाही, तीनशे किलो, की पाचशे? कमी सांगितलं तर भरल्यावर गाडी बसते. जास्त सांगितलं तर रिकामी असताना प्रत्येक खड्डा थेट मणक्यात येतो. मी उत्तर जुळवायला लागलो. युरियाचं पोतं 2018 पासून 45 किलोचं झालंय, डीएपीचं 50. पण खत काही रोज नसतं. उसाचं बेणं लागणीच्या दिवसांत. चुलत्यांच्या घरचं जात्रेचं सामान. अण्णाची बंद पडलेली मोटरसायकल. मंडळाच्या गणपतीचं पाट-चौरंग-मखर. थोरल्या काकांच्या सुनेचं बाळंतपण झालं तेव्हाचा पाळणा. एका लग्नातल्या खुर्च्या, ज्यांतल्या काही अजून आमच्या सोप्यात आहेत.

"कायमचं म्हणाल तर," मी म्हटलं, "भावकी सोडून काही न्हाई."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी हे वजन म्हणूनच धरलं असावं.

मग टेप काढली. उंची जमिनीपासनं मोजत नाहीत, कारण टायरमधली हवासुद्धा खोटं बोलते. चाकाच्या मध्यापासनं वर मडगार्डच्या काठापर्यंत मोजतात. टेपचं टोक मी हबवर दाबून धरलं, वरचा आकडा त्यांनी वाचला आणि खडूनं मडगार्डवरच लिहिला. चारी चाकांचे चार आकडे. पुढची उजवी बाजू डावीपेक्षा 12 मिलिमीटर खाली निघाली. "डायवर साइड," मिस्त्री म्हणाले आणि माझ्याकडं पायापासनं डोक्यापर्यंत एकदा बघितलं. घरी हा आकडा मी सांगणार नव्हतो, भाच्यानं सांगितला. "मग गाडीचं कशाला, तुमचंच काहीतरी बघा," असं बायको म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासनं माझी भाकरी पातळ झाली.

पण खरी गंमत मागं होती. मिस्त्रींनी बॅटरी मारून मला खाली वाकायला लावलं. पाट्याला रिकाम्या गाडीत कमान असायला पाहिजे. माझा मेन पाटा पट्टीसारखा सरळ झोपला होता. "उंच कसली करताय, दादा? ही बसलीया. पयली हिला हुती तिथं तरी न्या." मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर दोन पाट्यांच्या फटीत घातला, खरवडला, आणि करड्या रंगाचा एक खपला काढून माझ्या तळहातावर ठेवला. सिमेंट. पक्कं, पाणी पडून जमलेलं सिमेंट.

गाडी घेताना एजंटनं सांगितलं होतं: डॉक्टरची गाडी, घर ते दवाखाना, बाकी रनिंगच नाही.

"हाडांचे डॉक्टर असणार," भाचा म्हणाला. "प्लास्टरचं सामान नेत असतील."

तिथंच योजना बदलली. पाटे खोलून परत कमान द्यायची, बुश आणि यू बोल्ट नवे टाकायचे, पुढच्या थकलेल्या स्प्रिंगा मूळ मापाच्याच नव्या घालायच्या. शॉकअप नवे. टायर आहेत तेच. हे सगळं दुरुस्तीत मोडतं, मेहुण्याला दाखवायला हरकत नाही. मिस्त्रींच्या अंदाजानं मागनं दीड-दोन इंच तरी मिळतील, आणि ते मिळालेले दोन इंच माझेच असतील; मधल्या काळात डॉक्टरसाहेबांनी वापरले एवढंच. भाचा मात्र हिरमुसला. वर जायचं ते कंपनीच्या मापापर्यंतच, यात त्याला स्टोरीला टाकण्यासारखं काही दिसेना.

आबांचं म्हणणं पहिल्यापासनं वेगळं होतं. "रस्ता खाली गेलाय, तर रस्ता वर करा. चार ब्रास मुरूम टाका." याच्याइतकं शहाणपणाचं या सगळ्या प्रकरणात कुणी काही बोललं नाही, आणि याच्याइतकं अशक्यही. कारण गाडी माझ्या एकट्याच्या नावावर आहे आणि पाणंद सगळ्या भावकीची. शेत-पाणंद रस्त्यांसाठी सरकारची योजना आहे, पण तिच्यासाठी आधी दोन्ही बाजूंची अतिक्रमणं निघाली पाहिजेत. आमच्या पाणंदीत दोन्ही बाजूंना अतिक्रमण करणारे एकाच पंगतीला जेवतात. दरवर्षी नांगरताना बांध एका तासानं, म्हणजे नांगराच्या एका ओळीनं, सरकतो, आणि तो नेहमी समोरच्याचा सरकलेला असतो.

तरी आबांनी मनावर घेतलं. देवळात बैठक बोलावली. वर्गणी काढून मुरूम टाकायचा. अण्णा तयार झाला, धाकटे काका तयार झाले, थोरले काकासुद्धा "बघू" म्हणाले. त्यांच्या "बघू"ला आमच्यात होकारच धरतात. सगळं जमत आलं होतं, तेवढ्यात भाच्यानं मोबाइल काढून जॅकवर चढवलेल्या गाडीचा फोटो सगळ्यांना फिरवला.

थोरल्या काकांनी तो लांब धरून बघितला. "ही उंच करायला टाकलीस व्हय?"

"उंच न्हाई काका, पाटे बसले होते, ते..."

"मग तुझी गाडी जाणार की. आमचे ट्रॅक्टर तर जात्यातच." त्यांनी मोबाइल परत दिला. "मुरूम कुणासाठी टाकायचा मग?"

याला उत्तर नव्हतं. वर्गणीची वही मिटली, चहा आला. आबा माझ्याकडं बघत नव्हते.

उठताना अण्णानं मला बाजूला घेतलं. आता मुरमाचं तोच परत काढतोय, असं मला वाटलं.

"नवीन पाट्यावर किती बसंल रे?" त्यानं विचारलं.

"तीनशे किलो. त्याच्यावर न्हाई, मिस्त्रींनी बजावलंय."

"बरं," अण्णा म्हणाला. "बेणं आणायचंय मंगळवारी. आपण साडेचारशे धरू."