पेट क्वालिटी

माझं नाक लांब आहे, हा दोष असल्याचं गेल्या 46 वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट आजीने बारशालाच 'घराण्याचं नाक घेतलंय हो' असं जाहीर केलं होतं. (घराण्यात घेण्यासारखं दुसरं काही नव्हतं, तो भाग वेगळा.) त्याच नाकाला परवाच्या रविवारी, सिंहगड रस्त्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, प्लॅस्टिकची फूटपट्टी लागली.

गेलो होतो पर्शियन मांजरीचं पिल्लू बघायला. बायकोच्या मैत्रिणीच्या मांजराला मांजरांच्या शोमध्ये रोझेट (बक्षिसाचं रिबिनीचं फूल) मिळालं, त्याचा फोटो ग्रुपवर आला आणि आमच्याकडे भेंडी निवडतानाही 'शो क्वालिटी' ऐकू यायला लागलं. एवढी पार्श्वभूमी पुरे.

ब्रीडर बाई आत कुणाला तरी ड्रायर मारत होत्या. हॉलमध्ये त्यांचे सासरे. बंडी, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, मांडीवर फूटपट्टी.

"त्या खुर्चीवर नको. ती तिची आहे."

मी स्टुलावर बसलो. बायकोला सोफा मिळाला.

"मांडीवर घ्यायला हवंय की शोला?"

"शोला."

त्यांनी मला चपलेपासून टकलापर्यंत न्याहाळलं. "एसी आहे?"

"बेडरूममध्ये आहे."

"कुणाच्या?"

यावर काय बोलणार! बायको म्हणाली, "सोय करू आम्ही." म्हणजे हॉलमध्ये कोण झोपणार, ते तिथेच ठरलं.

मग पिल्लं आली. तीन, दहा आठवड्यांची, मुठीतून निसटलेल्या कापसासारखी. पहिलं बदामी रंगाचं. मला बघताच पायावर चढलं आणि पँटचा धागा ओढत बसलं. मला एकदम आवडलं.

"डॉल फेस," आजोबा म्हणाले. "नाक दिसतंय बघा. मांडीची आहे ही. पेट क्वालिटी."

दुसरा बोका. ऐटबाज, नाकही म्हणे बरोबर. आजोबांनी त्याची शेपूट मुळाशी दोन बोटांत धरली आणि फुलवात वळावी तशी बोटं हळूहळू टोकाकडे नेली. शेवटच्या पेरावर थांबले. "हात लावा."

मी लावला. केसांच्या आत, तुरीच्या डाळीएवढी एक गाठ.

"किंक. बाद." आणि बोका टोपलीत परत. डोळ्यांना दिसतही नव्हतं हो! दहावीला अर्ध्या मार्काने गेलेल्या माझ्या गणिताची आठवण झाली.

तिसरी भाटी. तिचं नाक शोधावं लागलं. दोन डोळ्यांच्या बरोबर मध्ये खोलगा आणि त्यात शर्टाच्या बटणाएवढं काहीतरी. आजोबांनी फूटपट्टी आडवी धरली. "नाकाचा वरचा काठ डोळ्याच्या खालच्या कडेपेक्षा खाली गेला, की संपलं."

आपल्याकडे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. चाफेकळी नाकाची कौतुकं करत आपण मोठे झालो, आणि इथे जितकी नकटी तितका भाव जास्त. अमेरिकेतल्या सीएफए या मांजरांच्या संस्थेच्या मापदंडात पर्शियनला 100 पैकी 30 गुण एकट्या डोक्याचे आहेत, त्यात डोळे-कानही आले. केसांना मात्र 10च. ज्या केसांसाठी लोक घरात घेतात आणि जे पुढे वरणातही सापडतात, त्यांना दहा!

ही नकटी जागी असताना घोरत होती. उजव्या डोळ्यातून पाणी, आणि त्याचा गालावर चहाच्या डागासारखा तपकिरी ओघळ.

"डोळ्याला काही झालंय का?"

"छे. नाक आत असलं की डोळे वाहणारच. दिवसातून दोनदा कापसाने पुसायचं."

"आणि हे घोरणं?"

"तुम्ही नाही घोरत?"

बायको उगाचच जोरात हसली.

मी जरा वाचून गेलो होतो. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा रोग रक्तातून उतरतो आणि त्याची डीएनए तपासणी करता येते. आईबापांची झालीये का, असं विचारलं. आजोबा म्हणाले, "अहो, इथे माझीच नाही झाली." मी वंशावळीचा कागद मागितला. तो वाचायला चष्मा लावला, आणि तिथेच फसलो.

"चष्मा काढा जरा," म्हणत फूटपट्टी माझ्या डोळ्याखाली. बायकोसमोर. आतून ड्रायर थांबवून सूनबाई बघायला आल्या. आजोबांनी काठ बघितला, मान तिरकी करून पुन्हा बघितला आणि म्हणाले, "तुम्ही डॉल फेसमध्येही बसत नाही. पेट क्वालिटी."

भाटी याच मुहूर्तावर माझ्या हातावर शिंकली.

परतीच्या वाटेवर बायको पेट क्वालिटीवर हसत होती आणि माझं डोकं तापलेलं होतं. नाकावरून नव्हे. बरं, नाकावरूनही. पण सीएफएच्या शोमध्ये चार महिन्यांच्या आतलं पिल्लू घेतच नाहीत. मग दहा आठवड्यांच्या जिवावर 'शो क्वालिटी'चा शिक्का कुठल्या जोरावर मारता? उद्या जबडा वाकडा वाढला, तर फूटपट्टी परत घेणार का? वर बाईंनी जाता जाता सांगितलं, 'पेपर नको असतील तर पाच हजार कमी.' म्हणजे पणजोबांसकट अख्खं खानदान पाच हजारांत! आणि त्या बाळाला श्वास घ्यायला त्रास होतो, त्याचे जास्त पैसे आम्ही द्यायचे.

13 जुलै 1871ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचा मोठा शो भरवणारे हॅरिसन वीअर पुढे स्वतःच या प्रकाराला वैतागले. मांजराच्या भल्यापेक्षा लोकांना बक्षिसंच हवीत, असं म्हणून त्यांनी नॅशनल कॅट क्लबचं अध्यक्षपद सोडलं. हे मी सिग्नलला बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांचंही नाक लांब होतं का?"

टोकन तिने दिलेलं होतं. मी चपला शोधत होतो तेव्हाच, फोनवरून. कुठल्या पिल्लाचं, ते अजून सांगत नाही.

काल आजोबांचा फोन आला. "तुमचा वाचायचा चष्मा इथेच राहिलाय."

"बरं झालं सांगितलंत, येतो न्यायला."

"या. पण बोका त्याच्यावर झोपला होता. एका काडीला किंक आलाय. शोला चालणार नाही."