हुणसगीच्या खोऱ्यातला माणूस वाट चुकलेला नव्हता

'अश्मयुगातला माणूस म्हणजे हाताला लागेल तो दगड फोडणारा, पोटामागे दिशाहीन भटकणारा प्राणी. शिकार मिळाली तर जेवण, नाहीतर उपास. शेती आली तेव्हा कुठे त्याला डोकं आलं, कला सुचली. महाराष्ट्रात तर तेव्हा माणूसच नव्हता.' हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. माझ्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलीने तो वहीत उतरवून आणला, म्हणून लिहायला बसले.

'हाताला लागेल तो दगड.' कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात, हुणसगीच्या खोऱ्यात इसामपूर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्या यांनी १९९७ पासून काही हंगाम तिथे उत्खनन केलं, तेव्हा सापडला तो हत्यारं घडवायचा आख्खा कारखाना. तिथल्या प्राण्यांच्या दातांवरून त्याचं वय सुमारे १२ लाख वर्षं काढलं गेलं आहे. दगड म्हणजे चुनखडीच्या सुट्या झालेल्या फरश्या. आपल्या ओट्याखालची शहाबादी ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातला हा दगड, फक्त जास्त टणक. ती माणसं जाडी बघून फरशी निवडत. पातळ असेल तर कडा छिलून थेट हातकुऱ्हाड, म्हणजे बिनदांड्याचं, मुठीत धरायचं दगडी हत्यार; जाड असेल तर आधी मोठा छिलका काढून त्याचा क्लीव्हर, म्हणजे रुंद, सरळ धारेचं हत्यार. ठोकायला वेगळ्या, कठीण जातीचे गोटे.

आमच्या परसात फरशी बसवताना गवंडी काठावर छिन्नीने हलके ठोके देत होता. तिसऱ्या ठोक्याला कोपरा भलतीकडूनच उडाला आणि फरशी वाया गेली. लोखंडी छिन्नी हातात असलेल्या सरावाच्या माणसाची ही गत. दगडाने दगड छिलणाऱ्याला प्रत्येक ठोक्याआधी पुढचा ठोका दिसावा लागतो. हातकुऱ्हाडीचा घाट लाखो वर्षं फारसा बदलला नाही, हे खरं आहे. पण म्हणून ती बिनडोकपणे घडते असं नाही.

'दिशाहीन भटकणारा.' मला सर्वांत जास्त खटकलं ते हे. पद्दय्यांनी हुणसगी आणि शेजारचं बैचबाळ ही दोन खोरी वर्षानुवर्षं पायी पालथी घातली. कुठे किती हत्यारं, जवळ पाणी कुठलं, पाऊस किती महिने, हे सगळं एकमेकांशी ताडून पाहिलं. त्यातून त्यांनी मांडलं ते असं: उन्हाळ्यात टोळ्या बारमाही झऱ्यांपाशी एकत्र येत आणि पावसाळ्यात ठिकठिकाणी पाणी साचलं, की लहान लहान गटांनी खोरंभर पांगत. हे अनुमान आहे, त्या माणसांनी लिहून ठेवलेलं नाही. पण ते जमिनीवरच्या पुराव्यावर उभं आहे. आपल्याकडचा धनगर पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कोकणात उतरतो. कुठल्या गावात कधी वाडा टाकायचा, कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची, हे त्याला पाठ असतं. त्याला कुणी दिशाहीन म्हणेल का? 'भटका' हा शब्द आपण फार सहज वापरतो, आणि तो आजच्या जित्या माणसांनाही लागतो.

'नाहीतर उपास' याबद्दल इतकंच, की कंदमुळं, फळं, बिया, मासे, बारीकसारीक जीव हे शिकारीइतकंच खाणं होतं. त्यातलं बरंचसं मातीत टिकत नाही, दगड टिकतो. म्हणून आपल्याला नुसती शिकारच दिसते.

'महाराष्ट्रात माणूसच नव्हता' असं एके काळी अभ्यासकांनाही वाटायचं. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी १९५०च्या सुमारास नाशिकजवळ गंगापूरला, गोदावरीच्या काठी, पुराश्मयुगीन हत्यारं शोधली. पुढे प्रवरेकाठी नेवाशाला तर हत्यारांचा आणखी एक, नंतरचा टप्पा हाती आला: जास्पर, कॅल्सेडनी अशा गुळगुळीत दगडांच्या तासण्या, म्हणजे खरवडायची हत्यारं. म्हणजे हा मेसेज सत्तर वर्षं जुन्या समजुतीवर चाललाय.

उरली कला. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा निघाला. त्यावर आडव्या रेषा आणि त्यांच्यामध्ये बारीक, आडवीतिडवी कोरलेली जाळी आहे. त्याच कवचाचे मणीही सापडले. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. खानदेशच्या मातीत पेरणीचा पहिला दाणा पडायला त्यानंतर वीसेक हजार वर्षं जायची होती.