‘पाळणाघरातल्या ताईंची कसली पोलीस पडताळणी?’ या फॉरवर्डला उत्तर

पालकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. थोडक्यात म्हणणं असं: पाळणाघरातल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी हा कागदी खेळ आहे. खरा गुन्हेगार तिच्यात सापडत नाही आणि साध्या बायकांना मात्र पोलीस स्टेशनचे उंबरठे झिजवावे लागतात. त्यापेक्षा ओळखीची माणसं ठेवा, कॅमेरे लावा, विषय संपला. लिहिणाऱ्याची तळमळ खोटी वाटत नाही आणि एकदोन मुद्दे रास्तही आहेत. पण त्यातून काढलेले निष्कर्ष भलतीकडेच जातात.

“पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याची नोंद नसते. मग पडताळणीचा उपयोग काय?”

यातलं पहिलं वाक्य अगदी खरं आहे. इंग्लंडमध्ये प्लिमथ इथे २००९ साली व्हेनेसा जॉर्ज ही पाळणाघरातली कर्मचारी पकडली गेली. ती तिथल्याच लहान मुलांवर अत्याचार करून मोबाइलवर त्यांचे फोटो काढत होती. तिची पडताळणी झालेली होती आणि तिच्यात काहीही निघालं नव्हतं. २०१० च्या चौकशी अहवालाने बोट ठेवलं ते पाळणाघराच्या ढिल्या कारभारावर. तिचं बोलणं-वागणं सहकाऱ्यांना खटकत होतं, पण तिला हटकण्याची कुणाची हिंमत होत नव्हती. पडताळणी झाली म्हणून निर्धास्त होणाऱ्या प्रत्येक संचालकाने हे प्रकरण वाचावं.

पण ज्यांची नोंद असते, त्यांचं काय? ते लोकही नोकरीसाठी अर्ज करतातच. ऑगस्ट २००२ मध्ये इंग्लंडमधल्याच सोहम गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयन हंटली हा तिथल्या एका शाळेचा केअरटेकर होता. १९९० च्या दशकात दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध बलात्काराच्या आणि अल्पवयीन मुलींशी संबंध ठेवल्याच्या तक्रारी आल्या होत्या. शिक्षा मात्र एकाही तक्रारीत झाली नव्हती. नोकरीचा अर्ज त्याने निक्सन या नावाने केला. पोलिसांनी राष्ट्रीय नोंदी पाहिल्या त्या निक्सनच्या. हंटली हे नाव टाकून पाहायचं राहूनच गेलं. शाळेनेही त्याने स्वतः आणलेली, ‘ज्यांच्याशी संबंध येईल त्यांना’ अशा मायन्याची शिफारसपत्रं फाइलला लावली आणि मधल्या वर्षांचा हिशेब विचारला नाही. हे सगळं या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या बिचर्ड समितीच्या २००४ च्या अहवालात आहे. पडताळणी कुचकामी असते, असा धडा यातून निघत नाही. पडताळणी अर्धवट केली, म्हणून तो आत शिरला.

त्यामुळे पडताळणी म्हटलं की नुसता पोलिसांचा दाखला डोळ्यांसमोर आणणं चूक आहे. कामाचा बराचसा भाग साध्या अर्जाच्या कागदावरच होतो. आधीच्या नोकऱ्यांच्या रकान्यात एक नोकरी मार्चमध्ये संपते, पुढची दीड वर्षाने सुरू होते आणि मध्ये लिहिलेलं असतं ‘घरगुती कारण’. कारण खरंही असेल: बाळंतपण, आजारपण, सासूची शुश्रूषा. विचारायला हवं, एवढंच. मग आधीच्या संस्थेला फोन करायचा, तोही उमेदवाराने दिलेल्या मोबाइल नंबरवर नाही, तर आपण स्वतः शोधलेल्या संस्थेच्या नंबरवर. प्रश्न एकच: “या व्यक्तीला तुम्ही पुन्हा मुलांच्या कामावर घ्याल का?” पलीकडून उत्तराआधी जी शांतता येते, ती कुठल्याच दाखल्यावर छापलेली नसते.

“आम्ही ओळखीतल्याच बायका ठेवतो.”

भारतात पॉक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते. ओळख म्हणजे पडताळणी नव्हे. उलट ओळखीच्या माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही, हीच मोठी अडचण आहे.

“मुलांना सांभाळणाऱ्यांचीच करा. ड्रायव्हर, सफाईवाले, स्वयंपाकवाल्या बाई यांची कशाला?”

हंटली केअरटेकर होता, शिक्षक नव्हता. त्या दोन मुली तर त्याच्या शाळेतल्याही नव्हत्या. त्याची मैत्रीण त्यांच्या वर्गात मदतनीस म्हणून काम करून गेली होती, तीच ओळख त्याला पुरली. भारताचे २०२० चे पॉक्सो नियम याबाबतीत अगदी स्पष्ट आहेत. शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी किंवा मुलांशी नियमित संबंध येणारी कुठलीही संस्था असो; शिकवणारे आणि न शिकवणारे, कायम आणि कंत्राटी, मुलांच्या संपर्कात येणाऱ्या सगळ्यांची पोलीस पडताळणी आणि पूर्वपीठिकेची तपासणी संस्थेने करून घ्यायची आहे. “ती माणसं ठेकेदाराची आहेत, आमची नाहीत” हे उत्तर इथे चालत नाही. ते सर्रास दिलं जातं, हा भाग वेगळा.

“एकदा झाली ना, मग पुन्हा पुन्हा कशाला?”

कारण दाखला त्या तारखेपुरता असतो. याच भारतीय नियमांत ठरावीक काळाने पुन्हा पडताळणी करायला सांगितलं आहे. अमेरिकेच्या बालसंगोपनाविषयीच्या २०१४ च्या संघीय कायद्यात किमान दर पाच वर्षांनी ती करावी लागते, आणि माणूस मागच्या पाच वर्षांत ज्या ज्या राज्यांत राहिला तिथल्या नोंदीही पाहाव्या लागतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यांनी त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं: मुलांबरोबर काम करण्याचा परवाना चालू असताना नवा गुन्हा नोंदला गेला तर यंत्रणेला आपोआप कळतं. माझ्या मते खरी सुधारणा हीच. पाच वर्षं वाट पाहणं म्हणजे फार झालं.

“सीसीटीव्ही आहे की!”

आहे, आणि असावा. पण लंगोट बदलायच्या जागी आणि स्वच्छतागृहात तो लावता येत नाही. शिवाय कॅमेरा आधी कुणाला रोखत नाही, नंतर दाखवतो, तेही कुणी बघितलं तर.

“जुन्या एखाद्या भानगडीपायी गरीब बाईची रोजीरोटी जाते.”

या मुद्द्याशी मात्र भांडता येत नाही, निदान पूर्णपणे. शेजाऱ्याशी झालेल्या मारामारीची दहा वर्षांपूर्वीची नोंद आणि लहान मुलावरचा अत्याचार एकाच तागडीत टाकले, तर पडताळणी अन्यायाचं हत्यार होते. त्यावर उपाय म्हणजे नियम नीट लिहिणं. अमेरिकेच्या त्याच कायद्यात कोणत्या गंभीर गुन्ह्यांमुळे माणूस अपात्र ठरतो याची यादीच दिली आहे: खून, बालकांवरचा अत्याचार, जोडीदाराला मारहाण, जाळपोळ, अपहरण, बलात्कार, शारीरिक हल्ला. अमली पदार्थांचे गंभीर गुन्हे मागच्या पाच वर्षांतले असतील तरच धरले जातात. नोकरी देणाऱ्याला फक्त ‘पात्र’ की ‘अपात्र’ एवढंच कळवतात, तपशील नाही. तपशील त्या कर्मचाऱ्याला मिळतो आणि तिला अपील करता येतं. कुणाची जुनी भानगड संस्थेच्या कार्यालयात चघळली जाऊ नये, याची सोय त्यातच आहे. मजकूर लिहिणाऱ्याने अशा यादीची आणि अपिलाच्या हक्काची मागणी केली असती, तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता. पडताळणीचं शुल्क कर्मचाऱ्याच्या माथी मारू नये, हेही त्याच मागणीत यायला हवं होतं.

“दाखला येईपर्यंत थांबायचं तर माणसं मिळणारच नाहीत.”

सगळं पूर्ण होईपर्यंत घरी बसवून ठेवा, असं कुणी म्हणत नाही. अमेरिकेत बोटांच्या ठशांवरून होणारी तपासणी आधी पार पडली, की बाकीच्या नोंदी येईपर्यंत माणूस कामाला लागू शकतो. अट एकच: पूर्ण पडताळणी झालेलं कुणीतरी सतत त्याच्यावर लक्ष ठेवून असायला हवं. म्हणजे नवी ताई मुलांना भरवेल, खेळवेल, गोष्टी सांगेल, पण झोपायच्या खोलीत, लंगोट बदलताना किंवा गाडीत मुलांबरोबर एकटी नसेल. यासाठी पाळणाघराला काही आठवडे एक माणूस जास्त लागतो. फॉरवर्डमध्ये सगळा हिशेब आहे, फक्त या एका पगाराचा नाही.