कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या किचनर शहरातील आमच्या दुकानातील नोकरीबद्दल आलेल्या रिव्ह्यूला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आमच्या गांजाविक्रीच्या परवानाधारक दुकानात आठ महिने काम केल्यावर तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू मी तीन-चार वेळा वाचला. रात्री अकरापर्यंत एकटीला दुकान सांभाळावे लागले, जेवायला सुट्टी मिळाली नाही, गल्ल्यातली तूट पगारातून कापली गेली आणि ‘आपण मराठी माणसं’ म्हणत फुकट काम करून घेतले गेले, असे तुम्ही म्हटले आहे. तुम्ही मराठीत लिहिलेत, म्हणून मीही मराठीतच उत्तर देतो.

आधी पैशांचे. गल्ल्यात दोनदा ४० आणि २३ डॉलर कमी भरले आणि ते मी तुमच्या पगारातून वळते करायला लावले. संमतीच्या कागदावर तुमची सही होती. पण त्या गल्ल्याला दिवसभरात तिघांचा हात लागत होता, आणि अशा वेळी सही असली तरी कपात करता येत नाही, असे ओंटारियोचा कायदा स्पष्ट सांगतो. गिऱ्हाईक नाही म्हणून तुम्हाला दोनदा तासाभरात घरी पाठवले, त्या दिवसांचा किमान तीन तासांचा पगार तुम्हाला मिळायला हवा होता. दिवाळीच्या आठवड्यात पाळी संपल्यावर तुम्ही दोन तास माल मोजत बसलात, तेव्हा मी घरून फराळाचा डबा पाठवला, पण ते दोन तास मात्र हिशेबात धरले नाहीत. याची मला मनापासून लाज वाटते. ही सगळी रक्कम शुक्रवारी तुमच्या खात्यात जमा केली असून हिशेबाचा कागद ईमेलने पाठवला आहे.

सलग पाच तासांच्या कामाआड अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी कायद्यानेच ठरवून दिलेली आहे. एका संध्याकाळी मी मागच्या खोलीत आलो, तेव्हा खोक्यावर तुमचा डबा उघडा होता, पोळीचा एक तुकडा मोडलेला होता आणि दाराची घंटा ऐकून तुम्ही हात पुसत काउंटरकडे निघाला होतात. मी पाहिले आणि काहीही बोललो नाही. इथे सगळ्या दुकानांना एकाच सरकारी घाऊक विक्रेत्याकडून तोच माल मिळतो, त्यामुळे भाव पाडायचे तर मी पगाराच्या खर्चालाच हात घालत आलो, आणि त्याचा भार तुमच्यावर पडला.

माल अल्पवयीनांना बाहेरून दिसू नये म्हणून आम्ही काचा दुधी केल्या होत्या. पण आत एकटी मुलगी आणि पुढ्यात रोकड असताना बाहेरच्याला काहीच दिसत नसेल, तर ती काच लुटारूच्याच उपयोगाची. कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांताने कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी काचा झाकण्याची सक्ती २०२० मध्येच काढली. आता आम्ही दहाला बंद करतो आणि शेवटच्या पाळीला दोघे असतात.

एक मुद्दा मात्र मला मान्य नाही. पंचविशीच्या आतला वाटणाऱ्या प्रत्येकाचे ओळखपत्र पाहायचे, हा नियम तुम्हाला जाचक वाटला असला तरी तो तसाच राहील. त्यावर आमचा परवाना आणि सगळ्यांच्या नोकऱ्या अवलंबून आहेत. मात्र त्यावरून गिऱ्हाइकांसमोर मी तुमच्यावर आवाज चढवला, ते चुकलेच. त्याबद्दल क्षमा मागतो.

तुमचे अनुभवपत्र तयार आहे. कामगार मंत्रालयाकडे तक्रार करण्यासाठी तुम्हाला दोन वर्षांची मुदत आहे. ती करायची असल्यास तुमच्या पाळ्यांची वेळापत्रके आणि पगाराच्या नोंदी माझ्याकडून मागाल त्या दिवशी मिळतील.